कॉम्प्युटरवर चालते पण प्लेअर उचलत नाही: घरी एचडी डिस्क बनवताना नेमकं काय चुकतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: फोनवर आणि जुन्या हँडीकॅमवर काढलेले घरचे व्हिडिओ, काही एमपी४, काही एमटीएस फाईली, त्या ब्लू-रे डिस्कवर टाकून आईवडिलांच्या टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये बघता याव्यात. फाईली ओढून टाकल्या, बर्न केलं, कॉम्प्युटरवर झकास चालतायत, आणि प्लेअर मात्र दोन मिनिटं डिस्क गरगर फिरवतो आणि वाचता येत नाही म्हणून बाहेर काढतो. दोन डिस्क गेल्या, चूक कुठेय?

चूक बर्नरची नाही आणि बहुतेक डिस्कचीही नाही. मी हे काम बरीच वर्षं करतोय आणि वाया गेलेल्या डिस्कांची अख्खी चळत माझ्याकडे आहे, त्यातल्या दहापैकी नऊ बर्निंगच्या आधीच बिघडलेल्या होत्या. म्हणजे बर्निंग अगदी नीट झालं, पण जे बर्न केलं तेच प्लेअरच्या कामाचं नव्हतं. कॉम्प्युटरवरचा व्हीएलसी नावाचा व्हिडिओ प्रोग्रॅम काहीही पचवतो, त्यामुळे "व्हीएलसीमध्ये चाललं" याला पुरावा म्हणून शून्य किंमत आहे, हे आधी डोक्यात पक्कं करा.

डिस्क दोन प्रकारची असते. एक डेटा डिस्क, म्हणजे पेनड्राइव्हसारखी, फाईली टाकल्या की झालं. ती चालणं न चालणं प्लेअरच्या मर्जीवर, कारण डिस्कवरची एमपी४ किंवा एमकेव्ही वाचणं ब्लू-रेच्या नियमात कुठेच नाही, कंपनीने दिलेली जास्तीची सोय आहे ती. काही प्लेअर यूएसबीवरून एमकेव्ही चालवतात आणि तीच फाईल डिस्कवर दिली की बघतसुद्धा नाहीत. दुसरी म्हणजे खरी व्हिडिओ डिस्क, ज्यात बीडीएमव्ही नावाचं फोल्डर असतं, त्यात स्ट्रीम, प्लेलिस्ट, क्लिपइन्फ वगैरे ठरलेली फोल्डरं, व्हिडिओ एम२टीएस फाईलमध्ये आणि कुठला व्हिडिओ कुठून सुरू करायचा ते एमपीएलएस फाईलमध्ये लिहिलेलं. साधारण कुठलाही ब्लू-रे प्लेअर हीच डिस्क ओळखतो. आपल्याला ही बनवायचीय.

आता गंमत अशी की नुसतं फोल्डर बरोबर असून भागत नाही, आतला व्हिडिओपण नियमात बसावा लागतो, आणि हे नियम बऱ्यापैकी कडक आहेत कारण प्लेअरमधली चिप त्याच मापाने बनवलेली असते. व्हिडिओचं कोडेक, म्हणजे तो दाबून साठवायची पद्धत, एमपेग-२, व्हीसी-१ किंवा एच.२६४ यांपैकीच. एच.२६४ घेतलं (घरी तेच घ्या, बाकीच्या दोघांत आता काही राम नाही) तर हाय प्रोफाइल, लेव्हल ४.१ पर्यंत (प्लेअरला किती गुंतागुंत झेपेल त्याची ही ठरलेली मापं), रंग ८ बिट. व्हिडिओचा बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा, कमाल ४० मेगाबिट आणि आवाज, सबटायटल सगळं मिळून ४८. फोनवरचं एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ साध्या ब्लू-रेत बसतच नाही, ते ४के वाल्या अल्ट्रा एचडी डिस्कचं प्रकरण आहे आणि ती घरी बनवायच्या भानगडीत पडू नका, एखाद्या प्लेअरने उचलली तरी दुसरा उचलेल याची काही खात्री नाही. ४के शूटिंग असेल तर मूळ फाईली हार्डडिस्कवर जपून ठेवा आणि डिस्कसाठी १०८० ला उतरवा. ४के वरून उतरवलेलं १०८० खरंच सुंदर दिसतं, त्यात काही गमावल्यासारखं वाटत नाही.

सगळ्यात जास्त लोक जिथे आपटतात ती जागा म्हणजे फ्रेमरेट, सेकंदाला किती चित्रं ते. बिटरेट, कोडेक यावर सगळे बोलतात आणि फ्रेमरेटकडे कोणी बघत नाही. ब्लू-रेत १९२० बाय १०८० ला चालतं ते इतकंच: २३.९७६ किंवा २४ फ्रेम प्रोग्रेसिव्ह (प्रत्येक फ्रेम एकसंध), नाहीतर २५ किंवा २९.९७ फ्रेम इंटरलेस्ड (एकाआड एक रेघांच्या दोन अर्ध्या चित्रांत विभागलेली). ५० आणि ५९.९४ प्रोग्रेसिव्ह हवे असतील तर ते फक्त १२८० बाय ७२० ला. आता तुमचा फोन काय काढतो? ३० किंवा ६० प्रोग्रेसिव्ह, १०८० मध्ये. म्हणजे दोन्ही यादीत नाहीत! फोनच्या फाईली जशाच्या तशा गुंडाळून डिस्क केली की काही प्लेअर चालवतात, काही झटके देतात, काही काळा पडदा दाखवून आवाज तेवढा ऐकवतात, आणि माणूस दोष डिस्कच्या कंपनीला देत बसतो.

यावर उपाय आहे आणि तो जुनाच आहे. ३० फ्रेमवालं आधी २९.९७ करायचं आणि एन्कोड करताना, म्हणजे व्हिडिओ नव्याने दाबून लिहिताना, एक्स२६४ या फुकट एन्कोडरला सांगायचं की चित्र प्रोग्रेसिव्हच ठेव पण शिक्का इंटरलेस्डचा मार, यालाच तिथे फेक-इंटरलेस्ड म्हणतात. चित्राला धक्का लागत नाही, कंगव्याच्या दातांसारख्या रेघा येत नाहीत, फक्त प्लेअरला कागदपत्रं बरोबर दिसतात. २५ फ्रेमवाल्या कॅमेऱ्याचंही तसंच, २५ प्रोग्रेसिव्हसुद्धा यादीत नाहीये हे ऐकून बऱ्याच जणांना धक्का बसतो. ३० चं २९.९७ करताना साधारण दर ३३ सेकंदांना एक फ्रेम गळते, ती कोणाच्या बापाला दिसत नाही, काळजी नको.

६० फ्रेमवाल्यांसाठी दोन वाटा. एक म्हणजे १०८० इंटरलेस्ड करा, दुसरी म्हणजे ७२० प्रोग्रेसिव्ह ५९.९४. माझं मत स्पष्ट आहे, मुलं पळतायत, मॅच आहे, गाडीतून शूटिंग आहे, असं काही असेल तर ७२० प्रोग्रेसिव्ह करा. लोक ७२० ऐकून नाक मुरडतात पण हलत्या चित्रात ते जास्त स्वच्छ दिसतं आणि टीव्हीच्या डीइंटरलेसरवर (अर्धी चित्रं जोडून पूर्ण करणाऱ्या भागावर) अवलंबून राहावं लागत नाही. माणसं बसून बोलतायत अशा शूटिंगला ६० ची हौस मुळात कशाला हवी, ते २९.९७ करून १०८० मध्ये टाका.

फोनची अजून एक खोड आहे, ती म्हणजे बदलता फ्रेमरेट. फोनवर लिहिलेलं ३० असतं पण उजेड कमी झाला की तो गुपचूप कमी फ्रेम काढतो, परत उजेडात आला की वाढवतो. कॉम्प्युटरचा प्लेअर प्रत्येक फ्रेमची वेळ वाचून दाखवतो म्हणून तिथे कळत नाही. डिस्कवर मात्र ठरलेल्या ठेक्यातच फ्रेम यायला हव्यात, आणि नुसतं गुंडाळलं की आवाज हळूहळू पुढेमागे सरकायला लागतो. एका घरगुती समारंभाचं तीन तासांचं शूटिंग मी असंच डिस्कवर घातलं होतं, पहिली दहा मिनिटं तपासली, उत्तम होतं, सहा कॉपी काढून वाटल्या, आणि मग फोन यायला लागले की शेवटी शेवटी माणूस तोंड मिटतो आणि मग बोलणं ऐकू येतं. सहाच्या सहा परत आणल्या. तेव्हापासून फोनचा व्हिडिओ असला की मी आधी डोळे झाकून कॉन्स्टंट फ्रेमरेट करून घेतो आणि तपासताना शेवटची पाच मिनिटं बघतो, पहिली नाही. फ्रेमरेट स्थिर आहे की बदलता ते मीडियाइन्फो नावाच्या छोट्या फुकट प्रोग्रॅममध्ये दिसतं. मीडियाइन्फो उघडल्याशिवाय कुठल्याही फाईलला हात लावायचा नाही, ही सवय लावून घ्या, अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

आता तुमच्या हँडीकॅमच्या एमटीएस फाईली. त्यांना मुळीच कन्व्हर्ट करू नका, ऐकताय ना? बहुतेक सगळे लोक सगळ्या फाईली एकाच कन्व्हर्टरमध्ये कोंबतात आणि चांगल्या फाईलीची माती करतात. एव्हीसीएचडी, म्हणजे या एमटीएस फाईलींचा प्रकार, २००६ मध्ये सोनी आणि पॅनासॉनिकने मिळून आणला तोच मुळी ब्लू-रेच्या नियमांना धरून, आत एच.२६४ आणि एसी३ (डॉल्बी डिजिटल) किंवा एलपीसीएम (न दाबलेला) आवाज, त्यामुळे १०८० इंटरलेस्डवालं शूटिंग असेल तर ते पुन्हा एन्कोड न करता थेट डिस्कच्या साच्यात घालता येतं. दोन तासांचं काम दहा मिनिटांत होतं आणि गुणवत्ता कणभरही कमी होत नाही. डीइंटरलेसपण करू नका, प्लेअर आणि टीव्ही ते काम स्वतः करतात आणि बऱ्यापैकी करतात. अपवाद एकच, २०११ नंतरचे काही कॅमेरे १०८० ५० किंवा ६० प्रोग्रेसिव्ह काढतात, २८ मेगाबिटपर्यंत, ते एव्हीसीएचडीच्या नव्या आवृत्तीत बसतं पण ब्लू-रेत बसत नाही, त्याला वर सांगितलेला ७२० किंवा इंटरलेस्डचा रस्ता. अजून एक, हे कॅमेरे लांब शूटिंगचे तुकडे पाडून ठेवतात, त्यामुळे एकच प्रसंग दोन-तीन फाईलींत सापडेल. ते तुकडे एकामागे एक चिकटवून जोडायचे असतात, वेगवेगळे ठेवले तर जोडावर आवाज तुटतो.

एन्कोड करायला काय वापरायचं? एक्स२६४ ला २०१० मध्ये ब्लू-रेचे नियम पाळणारं सेटिंग आलं आणि तेव्हापासून घरच्या माणसाला महागडं सॉफ्टवेअर घ्यायची गरज उरली नाही. एफएफएमपेग (कमांड लिहून चालवायचा प्रोग्रॅम) येत असेल तर उत्तम, नसेल तर बटणांवर चालणारा हँडब्रेक, दोन्ही आतून एक्स२६४ च वापरतात, पण हँडब्रेकमध्ये नुसतं लेव्हल ४.१ निवडून ब्लू-रेचं होत नाही, खाली जास्तीच्या ऑप्शनची एक चौकट असते तिथे ब्लू-रे-कॉम्पॅट चालू करावं लागतं. त्यासोबत ही माहिती द्यायची: कमाल बिटरेट ३५ हजार किलोबिट, म्हणजे ३५ मेगाबिट (४० पर्यंत परवानगी आहे, मी थोडी जागा सोडतो, घरच्या बर्न डिस्कवर प्लेअरला वाचायला जरा सोपं जातं), बफर ३० हजार, स्लाइस ४, रेफरन्स फ्रेम १०८० ला ४ आणि ७२० ला ६ पर्यंत, बी-फ्रेम जास्तीत जास्त ३, ओपन-गॉप चालू, आणि कीफ्रेममधलं (पूर्ण साठवलेल्या फ्रेममधलं) अंतर एक सेकंद, म्हणजे २४ फ्रेमला २४, २९.९७ ला ३०. हे शेवटचं विसरू नका. कॉम्प्युटरसाठीच्या फाईलींत कीफ्रेम दहा दहा सेकंदांनी असतात, प्लेअरला ते चालत नाही, पुढे ढकललं की अडकतो. कमाल बिटरेट १५ हजारांच्या आत ठेवलात तर दोन सेकंदांची सूट आहे.

चित्राचं मापही अचूक हवं. १९२० बाय ८०० अशी रुंद फाईल असेल तर वरखाली काळे पट्टे घालून ती पूर्ण १९२० बाय १०८० करावी लागते, पट्टे हे व्हिडिओचाच भाग असले पाहिजेत. हँडब्रेक स्वतःहून पट्टे कापतो, ते ऑटो क्रॉप बंद करा नाहीतर तुम्ही घालणार आणि तो कापणार, असा खेळ चालू राहील. फोन उभा धरून काढलेलं असेल तर मधे साधारण ६०८ पिक्सेल रुंद चित्र आणि दोन्ही बाजूला काळं, दुसरा इलाज नाही. बाजूला धूसर केलेलं तेच चित्र पसरायची एक फॅशन आहे, मला तो प्रकार डोळ्याला त्रासदायक वाटतो आणि फुकट बिटरेट खातो तो वेगळाच, पण ज्याची त्याची आवड.

नवीन फोनवाल्यांनी एचडीआरकडे, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त पल्ला पकडणाऱ्या पद्धतीकडे, लक्ष द्या. फोन १० बिटमध्ये एचडीआर काढतो, ते तसंच ८ बिटमध्ये उतरवलं की सगळे धुतल्यासारखे पांढुरके दिसतात, चेहऱ्यावर रंगच नाही. त्याला टोन मॅपिंग, म्हणजे तो पल्ला साध्या टीव्हीच्या मापात बसवणं, करावं लागतं, एफएफएमपेगमध्ये त्याचा फिल्टर आहे, आणि रंगाचा शिक्का बीटी.७०९ चा (साध्या एचडीच्या रंगांचा) मारायचा. पुढच्या वेळेला डिस्कसाठीच शूट करणार असाल तर फोनमधलं एचडीआर बंद करूनच काढा, हा सगळा ताप वाचतो.

बिटरेट किती ठेवायचा हे लोक फार अवघड करून ठेवतात, साधा भागाकार आहे. एका थराची डिस्क २५ जीबीची, पण ते २५ डिस्क बनवणाऱ्याचे, विंडोज तीच डिस्क २३.३ दाखवतं, फसवलं नाहीये, मोजायची पद्धत वेगळी आहे. काठोकाठ भरायची नसते, म्हणून मी एका डिस्कला १,९०,००० मेगाबिट धरतो आणि त्याला व्हिडिओच्या एकूण सेकंदांनी भागतो. दोन तास म्हणजे ७,२०० सेकंद, उत्तर साधारण २६, त्यातून आवाज आणि पॅकिंगचा खर्च वजा केला की व्हिडिओला २४ मेगाबिट. चार तासांना तोच हिशोब १२ वर येतो आणि १२ मध्येसुद्धा घरगुती शूटिंग छान दिसतं, फक्त एन्कोडर सावकाश चालवा आणि टू-पास (दोन फेऱ्यांत) करा म्हणजे साइज अंदाजाबरोबर येते. पण कारंजी, पाऊस, झाडांची पानं, हातात धरून हलवत काढलेलं अंधारातलं शूटिंग, असलं काही असेल तर १२ कमी पडतात, तिथे डिस्क वाढवा किंवा कापाकापी करा. खरं सांगायचं तर कापाकापीच करा. चार तासांचं घरचं शूटिंग कोणीही बसून बघत नाही, प्रेमाची माणसंसुद्धा.

आवाजाचं सोपं आहे. फोनमधला एएसी ब्लू-रेत चालत नाही, एसी३ करा, स्टीरिओला १९२ ते २५६ किलोबिट पुष्कळ, ५.१ असेल तर ४४८ किंवा कमाल ६४०. सॅम्पलरेट ४८ किलोहर्ट्झच हवा, काही फाईलींत ४४.१ असतो तो बदलून घ्या. काहीच करायचं नसेल तर एलपीसीएम टाका, प्रत्येक प्लेअरला तो वाचावाच लागतो, फक्त जागा जास्त खातो.

सबटायटल टाकणार असाल तर एसआरटी फाईल, म्हणजे नुसत्या मजकुराची, डिस्कमध्ये चालत नाही. ब्लू-रेचं सबटायटल म्हणजे अक्षरं नसतात, चित्रं असतात, पीजीएस म्हणतात त्याला. ऐकायला विचित्र वाटतं पण आपल्यासाठी ही गोष्ट वरदान आहे, कारण प्लेअरमध्ये देवनागरी फॉन्ट आहे की नाही हा प्रश्नच येत नाही, अक्षर आधीच चित्र होऊन गेलेलं असतं. सबटायटल एडिट नावाच्या प्रोग्रॅममध्ये एसआरटी उघडा, चांगला देवनागरी फॉन्ट निवडा आणि ब्लू-रे सप म्हणून एक्स्पोर्ट करा, आणि एक्स्पोर्ट करायच्या आधी प्रिव्ह्यूमध्ये जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी नीट पडतेय का ते बघा, कारण इथे बिघडलं तर डिस्कवर बिघडलेलंच चित्र जाणार, नंतर फॉन्ट बदलून काही होत नाही.

मग टीएसमक्सर, म्हणजे सगळं डिस्कच्या साच्यात बसवणारा प्रोग्रॅम. एन्कोड झालेला व्हिडिओ, एसी३ आवाज, सप सबटायटल हे सगळं त्यात ओढायचं, खाली ब्लू-रे डिस्क किंवा ब्लू-रे आयएसओ (अख्ख्या डिस्कची एकच फाईल) निवडायचं, चॅप्टर दर पाच मिनिटांना लावायचे किंवा स्वतः वेळा लिहायच्या (स्वतः लिहा, प्रत्येक प्रसंगाच्या सुरुवातीला एक, बघणाऱ्याला मेन्यूपेक्षा तेच उपयोगी पडतं) आणि चालू करायचं. हा प्रोग्रॅम एन्कोड करत नाही, फक्त गुंडाळतो, म्हणून मिनिटांत होतो. त्यात लेव्हल बदलायची एक सोय आहे आणि तिने बऱ्याच लोकांना फसवलंय, ५.१ ची फाईल तिथे ४.१ केली की आतला व्हिडिओ बदलत नाही, फक्त डब्यावरची चिठ्ठी बदलते. आत लाडू आहेत की दगड ते प्लेअरला चावल्यावर कळतंच. आणि एकाला एक जोडायच्या फाईली सगळ्या एकाच मापाच्या, एकाच फ्रेमरेटच्या हव्यात, हँडीकॅमचं इंटरलेस्ड आणि फोनचं ७२० एकाला एक चिकटवून चालत नाही. त्यांचे वेगवेगळे टायटल (एकाच डिस्कवरचे स्वतंत्र व्हिडिओ) करा, नाहीतर सरळ वेगळी डिस्क.

मेन्यू हवाच असेल तर मल्टीएव्हीसीएचडी नावाचा जुना फुकट प्रोग्रॅम आहे, दिसायला किचकट आणि वागायला लहरी, पण काम करतो. मी स्वतः मेन्यू करणं सोडून दिलंय. डिस्क घातली की व्हिडिओ सुरू, वयस्कर माणसांना हेच बरं पडतं, रिमोटची बाणाची बटणं शोधत बसायला नको.

बर्न करायला इमगबर्न पुरेसा आहे, २०१३ नंतर त्याची नवी आवृत्ती आली नाही तरी चालतो. आयएसओ बनवलाय तर थेट तो लिहायचा, नाहीतर फोल्डरवरून लिहिताना बीडीएमव्ही आणि सर्टिफिकेट ही दोन फोल्डरं डिस्कच्या अगदी मुळाशी यायला हवीत. "आमची सहल" नावाच्या फोल्डरमध्ये बीडीएमव्ही ठेवून बर्न केलेली डिस्क मी दुसऱ्यांच्या घरी दोनदा बघितलीय, प्लेअर बिचारा दारात उभा राहून परत गेला. फाइल सिस्टम, म्हणजे डिस्कवर फाईली मांडायची पद्धत, यूडीएफ आणि आवृत्ती २.५०, इथे दुसरं काही चालत नाही, विंडोजच्या आपल्या ड्रॅग करून बर्न करायच्या सोयीला म्हणूनच हात लावायचा नाही. व्हेरिफाय, म्हणजे लिहिलेलं परत वाचून तपासणं, चालू ठेवा. वेग ४एक्स ठेवा, म्हणजे सेकंदाला १८ एमबी, भरलेली २५ जीबीची डिस्क साधारण २३ मिनिटांत लिहून होते आणि व्हेरिफायचा वेळ वेगळा. दोन थरांच्या ५० जीबीला मी अजून सावकाश जातो, आणि खरं म्हणजे एकाऐवजी दोन एकेरी डिस्क करणं मला जास्त पटतं. यूएसबीवर चालणारा पातळ बर्नर असेल तर तो थेट लॅपटॉपला लावा, हबमधून नको, लिहिताना त्याला करंट कमी पडला की मधेच मान टाकतो.

कोरी डिस्क घेताना एचटीएल प्रकारची बघून घ्या. एलटीएच लिहिलेली असते ती सेंद्रिय रंगावर चालते आणि जुने प्लेअर ती ओळखतच नाहीत, त्यातून माझ्याकडच्या एलटीएच काही वर्षांत वाचेनाशा झाल्या म्हणून मी तर ती घेणं बंदच केलं. डिस्कवर कागदी स्टिकर चिकटवू नका, तोल जातो, मार्करने लिहा. ब्लू-रेत माहितीचा थर खालच्या पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो, डीव्हीडीत तो ०.६ वर असायचा, त्यामुळे वरून कडक लेप असला तरी खालची बाजू टेबलावर घासायची नाही. आणि हो, डिस्क मिळतायत तोवर घ्या, सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन बंद केलं, काही कंपन्या अजून बनवतायत.

पहिला प्रयोग मात्र बीडी-आरई वर करा, म्हणजे पुसून परत लिहिता येणारी. ही एक डिस्क तुमच्या वाया गेलेल्या दोन डिस्कांचं काम करेल. प्रत्येक प्रकारच्या शूटिंगचा पाच मिनिटांचा तुकडा घ्या, सगळी साखळी त्यावर चालवा, ज्या प्लेअरवर बघायचंय त्याच प्लेअरवर लावा, तुमच्या नाही, आईवडिलांच्या. पुढे ढकलून बघा, चॅप्टर उड्या मारून बघा. हे जमलं की मगच मोठं एन्कोड रात्रभर लावा. आणि परदेशातल्या नातेवाइकांना पाठवायची असेल तर २९.९७ वालं पाठवा, अमेरिकेसारख्या ६० हर्ट्झवाल्या भागातले कित्येक प्लेअर २५ इंटरलेस्ड दिलं की नकार देतात, उलट ५० हर्ट्झवाल्या भागातले प्लेअर सहसा दोन्ही घेतात.

ब्लू-रे बर्नर नसेल तर साध्या कोऱ्या डीव्हीडीवरही एचडी जातं, हे फार कमी लोकांना माहीत आहे. टीएसमक्सरमध्ये एव्हीसीएचडी निवडा, एकूण बिटरेट १८ च्या आत ठेवा, मी १६ ठेवतो, ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर ३५ मिनिटांच्या आसपास बसतं, १२ ला उतरलात तर पाऊण तास. यूडीएफ २.५० इथेही तेच. अट एवढीच की ती ब्लू-रे प्लेअरमध्ये लावायची आणि त्या प्लेअरवर एव्हीसीएचडीचं चिन्ह असलं पाहिजे, साधा डीव्हीडी प्लेअर तिला हातही लावणार नाही. छोट्या छोट्या प्रसंगांसाठी मी अजूनही हेच करतो.

एवढं करूनही अडलंच तर लक्षणावरून रोग ओळखता येतो. डिस्क आत जाऊन लगेच नकार येत असेल तर फोल्डर किंवा यूडीएफ चुकलंय, नाहीतर प्लेअरला ती डिस्कच ओळखता येत नाहीये, दुसऱ्या प्रकारची कोरी डिस्क लावून बघा. सुरू होतं पण चित्र काळं आणि आवाज चालू, तर फ्रेमरेट, लेव्हल किंवा १० बिट. चित्र आहे आणि आवाज नाही, तर एएसी राहून गेलाय. गर्दीच्या, हलत्या प्रसंगातच अडखळतं आणि बाकी ठीक चालतं, तर कमाल बिटरेट किंवा बफर दिलेला नाही. दर वेळी त्याच मिनिटाला अडकतं तर व्हेरिफाय न करता बर्न केलेली डिस्क आहे, वेग कमी करून परत लिहा. आणि दर वेळी वेगळ्या मिनिटाला अडकत असेल तर डिस्क बाजूला ठेवून आधी प्लेअरची लेन्स साफ करून घ्या, मी एकदा चार दिवस एन्कोडरची सेटिंग बदलत बसलो होतो आणि आत नुसती धूळ होती.